हेतेफेरेस: न सापडलेल्या राणीची कबर

प्राचीन इजिप्तच्या राजकबरींचा विषय निघाला की बोलणे बहुधा तुतनखामुनपाशी येऊन थांबते, आणि ते साहजिकही आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना राजांच्या खोऱ्यात जे सापडले, त्याची बरोबरी करणारा सोन्याचा ठेवा त्यानंतर क्वचितच कुणाच्या हाती लागला असेल. मला मात्र गेली अनेक वर्षे ओढ आहे ती त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, गिझाच्या पठारावर, खुफूच्या भव्य पिरॅमिडच्या सावलीत सापडलेल्या एका लहानशा कबरीची. ही कबर हेतेफेरेस राणीची आहे. ती स्नेफेरू राजाची पत्नी आणि खुफूची आई होती, आणि तुतनखामुनच्या जन्माच्या बाराशेहून अधिक वर्षे आधी ती होऊन गेली. तिच्या कबरीवर पिरॅमिड नव्हता, प्रार्थनागृह नव्हते, साधी खूण सांगणारा दगडही नव्हता. आत शवपेटी होती, पण त्या पेटीत राणी नव्हती. आत राजघराण्यातले सामानसुमान होते, पण ज्या लाकडाचे ते केलेले होते ते लाकूड जवळजवळ सगळे भुगा होऊन गेलेले होते. आणि तरीही या राणीचा पलंग किती लांब होता, तिची खुर्ची कशी होती, तिच्या मेण्याच्या पाठीवर काय कोरलेले होते, हे आज आपण नेमकेपणाने सांगू शकतो. हे कसे शक्य झाले, त्याची हकीकत मला सोन्यापेक्षा मोलाची वाटते.

फेब्रुवारी १९२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टनचे ललितकला संग्रहालय यांचे संयुक्त पथक पिरॅमिडच्या पूर्वेकडील दफनभूमीत काम करत होते. पथकाचे प्रमुख जॉर्ज रायस्नर त्या वेळी अमेरिकेत हार्वर्डला होते आणि गिझावरचा कारभार ॲलन रो पाहत होते. पथकाचे छायाचित्रकार मोहम्मदानी इब्राहीम एके दिवशी छायाचित्र घेण्यासाठी कॅमेऱ्याची तिपाई उभी करू लागले, तेव्हा तिपाईचा एक पाय खडकावर न टेकता काहीशा मऊ, पांढऱ्या थरात गेला. तो गिलावा होता. नैसर्गिक खडकात गिलाव्याचा तुकडा असण्याचे काहीच कारण नव्हते, म्हणजे कुणीतरी खडक कोरून, पुन्हा भरून, वरून तो लिंपून सपाट केला होता. गिलावा काढल्यावर चुनखडीच्या चिऱ्यांनी बुजवलेला खड्डा दिसला, मग काही पायऱ्या, आणि शेवटी सरळ खाली गेलेली एक विहीर, तीही चिरेबंदी भरावाने गच्च भरलेली.

या शोधाचे वर्णन पुष्कळदा निव्वळ योगायोग म्हणून केले जाते आणि तिपाईचा पाय हा त्या गोष्टीचा नायक ठरतो. मला ते अपुरे वाटते. त्या जागेवरून त्याआधी कितीतरी माणसे चालत गेली असतील. गिलावा दिसणे आणि गिलावा ओळखणे यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचे शिक्षण असते. मोहम्मदानी इब्राहीम हे रायस्नर यांनी तयार केलेल्या इजिप्शियन छायाचित्रकारांपैकी एक होते आणि काचेच्या पट्ट्यांवर त्यांनी घेतलेली हजारो छायाचित्रे आज त्या उत्खननाचा कणा आहेत. ज्याची नजर रोज दगडाचा पोत, सावलीची धार आणि थरांमधला फरक टिपते, त्याच्याच तिपाईखाली तो गिलावा यावा, यात योगायोग असला तरी त्याला अर्थ देणारी नजर त्यांची स्वतःची होती.

विहीर उपसत उपसत माणसे खाली गेली. वाटेत भिंतीतल्या एका कोनाड्यात बैलाची कवटी आणि पाय नैवेद्य म्हणून ठेवलेले सापडले. सुमारे सत्तावीस मीटर खोलीवर, मार्च महिन्यात, दफनकक्षाचे तोंड लागले. खोली लहानच होती, जेमतेम पाच मीटर लांब आणि त्याच्या निम्म्याने रुंद. आतले दृश्य मात्र पाहणाऱ्याला गोंधळात टाकणारे होते. एका भिंतीशी अलाबास्टर या मऊसर दगडाची पांढरी शवपेटी होती, तिच्या झाकणावर सोन्याने मढवलेले लांब दांडे पडलेले होते, आणि उरलेल्या जमिनीवर सोन्याचे पत्रे, मातीची फुटकी भांडी, दगडी भांडी, निळ्या फेयॉन्सचे (झिलई देऊन भाजलेल्या चिनीमातीसारख्या पदार्थाचे) बारीक तुकडे आणि कुजलेल्या लाकडाचा भुगा यांचा खच पडला होता.

सोन्यावर स्नेफेरूचे नाव वाचले गेले आणि ही कबर त्याचीच असावी अशी बातमी वर्तमानपत्रांत पसरली. तुतनखामुनच्या कबरीने जगाला राजकबरींचे वेड लावले होते आणि वार्ताहरांना दुसरा तुतनखामुन हवाच होता. रायस्नर यांनी अमेरिकेतून जी भूमिका घेतली ती त्या काळात सोपी नव्हती. राजाचे नाव वस्तूवर असले म्हणजे ती कबर राजाची ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आपण परत येईपर्यंत कक्षातले काम पुढे नेऊ नये असा त्यांचा निर्णय होता. कबर बंद करण्यात आली. जगातली सर्वांत चर्चेची जागा समोर असताना तिला हात न लावता काही महिने थांबणे ज्याला जमले, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

जानेवारी १९२६ मध्ये कक्षातले काम सुरू झाले, आणि इथून पुढचा भाग मला या सगळ्या हकीकतीतला सर्वांत श्रीमंत भाग वाटतो.

अडचण अशी होती. राणीचे सामान लाकडाचे होते आणि त्यावर सोन्याचे पातळ पत्रे ठोकून बसवलेले होते. हजारो वर्षांत लाकूड आकसत आणि कुजत गेले, तसतसे पत्रे गळून खाली पडले, एकावर एक, वाकडेतिकडे. कोंदणात बसवलेले फेयॉन्सचे तुकडे सुटून भुग्यात मिसळले. आबनूस या काळ्या लाकडाच्या पट्ट्यांवर बसवलेली सोन्याची चित्राक्षरे पट्टी आकसल्यावर एकेक करून निखळली. म्हणजे वस्तू उरलीच नव्हती, उरली होती ती त्या वस्तूच्या अवयवांची जमिनीवरची मांडणी. कुणी घाईने सोने गोळा करून टोपलीत भरले असते, तर संग्रहालयाला काही किलो सोन्याचे पत्रे मिळाले असते आणि पलंग, खुर्ची, मेणा, छत हे सारे कायमचे नाहीसे झाले असते.

रायस्नर, डाऊज डनहॅम, नोएल व्हीलर आणि त्यांचे सहकारी यांनी त्या खोलीची लहान लहान भागांत विभागणी केली. एका भागातील वरचा थर आधी छायाचित्रात घ्यायचा, मग त्याचे रेखाटन करायचे, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, त्याची जागा, उंची आणि दिशा नोंदवायची, आणि त्यानंतरच तो तुकडा चिमट्याने उचलायचा. मग खालचा थर उघडा पडे आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून. ज्या जमिनीवर पाय ठेवायलाच जागा नव्हती, तिथे ओणवे राहून, मातीचा कणही न हलवता हे करायचे होते. हे काम १९२७ पर्यंत चालले, आणि अखेरीस त्या एका लहान खोलीबद्दल १,०५७ छायाचित्रे आणि १,७०१ पानांच्या नोंदी तयार झाल्या.

या आकड्यांपाशी मी दर वेळी थोडा थांबतो. एखाद्या मोठ्या नगराच्या उत्खननाला शोभतील एवढ्या नोंदी पाच मीटर लांबीच्या खोलीसाठी! पण हिशेब सरळ आहे. प्रत्येक तुकड्याची जागा ही एकदाच दिसणारी गोष्ट होती; तुकडा उचलला की ती जागा नाहीशी होणार होती आणि नंतर कितीही पश्चात्ताप केला तरी ती परत मिळणार नव्हती. उत्खनन करणारा माणूस आपल्या पुराव्याचा शेवटचा साक्षीदार असतो. रायस्नर यांनी हे आपल्या पिढीतल्या बहुतेकांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतले होते.

त्या नोंदींमधून हळूहळू वस्तू उभ्या राहिल्या. शवपेटीवरचे ते लांब दांडे म्हणजे एका मोठ्या, जोडून उभारता येणाऱ्या आणि सोडवून नेता येणाऱ्या छताचा सांगाडा होता. सुमारे तीन मीटर लांबीच्या त्या चौकटीवर पडदे लावले की राणीला प्रवासातही एकान्त मिळत असे. या छताच्या दाराच्या चौकटीवर स्नेफेरूचे नाव आणि बिरुदे होती, म्हणजे पतीने पत्नीला दिलेली ती भेट होती. स्नेफेरूचे नाव सोन्यावर का सापडले, त्याचा हा साधा खुलासा. पडदे ठेवण्याची कोंदणकाम केलेली लांबट पेटीही सापडली. पलंगाचे पाय सिंहाच्या पायांसारखे होते, त्याचा उतार पायथ्याकडे किंचित होता, आणि पायथ्याच्या फळीवर निळ्या-काळ्या फेयॉन्सची नक्षी होती. खुर्चीच्या हातांखाली पपायरसची तीन फुले एकत्र बांधलेली दाखवली होती. सोन्याचे वस्तरे, सोन्याच्या लहान वाट्या, तांब्याची हत्यारे, तेलाच्या आठ अलाबास्टर कुप्यांची पेटी, असे राणीच्या रोजच्या सजण्याचे सामान होते.

आणि मेणा. मेण्याच्या आबनुसी पट्ट्यांवर सोन्याची जी चित्राक्षरे होती, त्यांवरूनच कबरीच्या मालकिणीचे नाव निःसंशय ठरले. वरच्या आणि खालच्या (म्हणजे दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या) इजिप्तच्या राजाची माता, जिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिच्यासाठी केली जाते ती, देवाच्या देहापासून जन्मलेली कन्या हेतेफेरेस, असा त्या मजकुराचा आशय आहे. ही अक्षरे इतकी बारीक घडवलेली आहेत की पक्ष्याच्या पंखातले पीस वेगळे दिसावे. जमिनीवर ती विखुरलेली होती तेव्हा त्यांचा क्रम लावता आला, याचे कारण प्रत्येक अक्षर नेमके कुठे पडले होते ते लिहून ठेवलेले होते.

बॉस्टनच्या संग्रहालयात या सामानाच्या प्रतिकृती मी पाहिल्या आहेत. मूळ वस्तू कैरोच्या संग्रहालयात गेल्या, बॉस्टनसाठी १९३० च्या दशकात प्रतिकृती घडवण्यात आल्या. मला तिथे सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते मेण्याच्या बैठकीने. ती अगदी लहान आहे. पाय पुढे पसरून बसता येणार नाही, गुडघे छातीशी घेऊनच बसावे लागेल. ज्या मुलाने जगातला सर्वांत उंच पिरॅमिड बांधवला, त्याची आई एवढ्याशा जागेत अंग चोरून बसत असे आणि चार माणसांच्या खांद्यावरून गिझाच्या उन्हात जात असे, हे त्या लाकडाकडे पाहताना प्रथमच खरे वाटले. प्रतिकृती असूनही ती मला खोटी वाटली नाही, कारण तिच्या प्रत्येक मापामागे त्या १,७०१ पानांतले कुठले तरी पान उभे आहे.

मूळ सामानाच्या जोडणीत ज्यांचा हात होता त्या इजिप्शियन कारागिरांपैकी अहमद युसूफ यांचे नाव मुद्दाम घ्यायला हवे. पुढे १९५४ मध्ये खुफूच्या पिरॅमिडशेजारी सुट्या भागांत मोडून ठेवलेली नौका सापडली, तेव्हा तिचे १,२२४ भाग जुळवून त्रेचाळीस मीटर लांबीची नौका पुन्हा उभी करण्याचे अवघड काम त्यांनीच केले. आईच्या खुर्चीवर शिकलेली विद्या मुलाच्या नौकेला उपयोगी पडली.

आता शवपेटीकडे येऊ. सारी खोली रिकामी होईपर्यंत रायस्नर यांनी तिला हात लावला नव्हता. कबर सापडून दोन वर्षे उलटली होती आणि जुन्या राज्यकाळातल्या, म्हणजे पिरॅमिडांच्या युगातल्या, राजघराण्याचा अभंग देह प्रथमच पाहायला मिळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. ३ मार्च १९२७ रोजी निमंत्रित मंडळी त्या विहिरीतून खाली उतरली. जॅकच्या साहाय्याने झाकण हळूहळू वर उचलले गेले. पेटी रिकामी होती. राणी आज कुणाला भेटत नाही, अशा आशयाचे काही रायस्नर त्या वेळी म्हणाले आणि त्यांनी पाहुण्यांना छावणीवर अल्पोपाहारासाठी बोलावले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. एवढ्या श्रमानंतरची ती निराशा त्यांनी ज्या शांतपणे पचवली, त्यावरून त्या माणसाच्या स्वभावाची कल्पना येते.

पण कबर अजून संपली नव्हती. पश्चिमेच्या भिंतीत एक बुजवलेला कोनाडा होता आणि त्यात अलाबास्टरची चौकोनी पेटी होती. मे १९२७ मध्ये ती उघडली गेली. पेटीचे चार कप्पे होते आणि देहातून काढलेले अवयव त्यांत कापडात गुंडाळून ठेवलेले होते. तीन कप्प्यांत तर अजून द्रव होता. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड ल्यूकस यांनी त्याची तपासणी केली तेव्हा तो पाण्यातले नॅट्रॉन क्षाराचे (देह टिकवण्यासाठी इजिप्शियन लोक तो वापरत) सुमारे तीन टक्क्यांचे द्रावण असल्याचे आढळले. साडेचार हजार वर्षे ते पाणी सुकले नव्हते! देह टिकवण्यासाठी आतले अवयव वेगळे काढून ठेवण्याच्या प्रथेचा हा अगदी आरंभीचा पुरावा आहे, आणि राणीच्या देहाचा जो काही अंश या कबरीत खरोखर होता, तो एवढाच.

मग राणी कुठे गेली? रायस्नर यांनी याचे उत्तर एका संपूर्ण कथेच्या रूपात दिले. हेतेफेरेसला प्रथम गिझाच्या दक्षिणेला असलेल्या दहशूरला, पती स्नेफेरूच्या पिरॅमिडजवळ पुरले असावे. तिथे चोर शिरले आणि दागिन्यांसाठी त्यांनी देहच पळवला. पहारेकऱ्यांनी वेळीच धाव घेतल्यामुळे बाकीचे सामान वाचले. राजा खुफूला खरे सांगण्याची हिंमत अधिकाऱ्यांना झाली नाही, त्यांनी थोडीशी चोरी झाल्याचे सांगितले. खुफूने आईला गिझाला, आपल्या पिरॅमिडजवळ, गुप्तपणे पुन्हा पुरण्याची आज्ञा दिली. आणि शवपेटी बंद झाकणासह आणून ठेवली गेली, ती रिकामी आहे हे राजाला न कळताच.

ही कथा एकदा ऐकली की विसरता येत नाही आणि कित्येक दशके ती जवळजवळ इतिहास म्हणूनच सांगितली गेली. तिला आधारही होता. सामान घाईने ठेवलेले दिसत होते, भांडी फुटलेली होती आणि काहींचे तुकडे अपुरे होते, शवपेटीच्या झाकणाच्या कडेला पहार घालून उचकटल्यासारखे घाव होते, वर कसलीही खूण नव्हती. तरीही दहशूरला तिची मूळ कबर कधी कुणाला सापडलेली नाही, आणि घाबरलेले अधिकारी, फसवला गेलेला राजा यांचा उल्लेख कुठल्याही शिलालेखात नाही. रायस्नर यांना गुप्तहेरकथांचा मोठा नाद होता. आपला त्या कथांचा संग्रह त्यांनी हार्वर्डला देऊन टाकला. पुराव्यातल्या मोकळ्या जागा भरताना त्या वाचनाची सवय त्यांच्या मनात डोकावली असावी, असे मला वाटते. यात मी त्यांचा कमीपणा मानत नाही. ज्याने प्रत्येक तुकड्याची जागा लिहिली, त्यालाही त्या तुकड्यांमागचे माणूस दिसावेसे वाटणारच.

खरी मौज पुढे आहे. १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी ही सारी मांडणी नव्याने तपासली आणि तिच्याशी फारकत घेतली. त्यांच्या मते ही विहीर चोरीनंतर घाईने खणलेली जागा नव्हती, राणीची पहिली आणि मूळ कबर हीच होती. तिच्यावर एक लहान पिरॅमिड उभारण्याचा बेत होता, पण पिरॅमिडच्या परिसराचा आराखडा बदलला, तो बेत सोडून देण्यात आला आणि जवळच पश्चिमेला, खुफूच्या पिरॅमिडशेजारच्या राण्यांच्या तीन लहान पिरॅमिडांपैकी उत्तरेकडचा पिरॅमिड तिच्यासाठी बांधला गेला. देह तिकडे हलवला गेला आणि जुने सामान खालीच बुजवले गेले. या मांडणीत चोर नाहीत आणि घाबरलेले अधिकारीही नाहीत; आहेत ते बदलत जाणाऱ्या एका प्रचंड बांधकामाचे टप्पे. आणि लेनर यांना ती करता आली, याचे एक मोठे कारण असे की विहिरीचा, खंदकांचा आणि कक्षाचा तपशील रायस्नर यांनीच जपून ठेवलेला होता. स्वतःचा सिद्धान्त खोडून काढता येईल इतका प्रामाणिक पुरावा त्यांनी मागे ठेवला. संशोधकाच्या चारित्र्याची याहून मोठी कसोटी मला सुचत नाही.

त्याच नोंदींनी अलीकडेही नवे फळ दिले आहे. राणीच्या दुसऱ्या एका खुर्चीचे लाकूड पूर्णपणे गेले होते आणि तिच्या फेयॉन्सच्या शेकडो तुकड्यांचा मेळ रायस्नर यांच्या हयातीत पूर्णपणे बसला नव्हता. पीटर डेर मॅन्युएलियन यांच्या मार्गदर्शनाखाली हार्वर्डच्या गटाने जुनी छायाचित्रे, रेखाटने आणि नोंदी संगणकावर एकत्र आणल्या, आणि २०१६ मध्ये देवदार लाकूड, सोन्याचा वर्ख आणि नव्याने भाजलेले फेयॉन्स वापरून ती खुर्ची प्रत्यक्ष घडवली. खुर्चीच्या हातांवर ताडाच्या खांबांवर बसलेले ससाणे आहेत आणि बाजूला नेइथ देवीची चिन्हे आहेत. नव्वद वर्षांपूर्वी लिहिलेल्या वहीतून खुर्ची उभी राहते, हे मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी तितकाच हरखतो.

चांदीच्या कंकणांचीही तीच गोष्ट. सोन्याने मढवलेल्या एका पेटीत, दांड्यांवर ओवून ठेवलेली वीस चांदीची कंकणे सापडली होती. चांदी त्या काळच्या इजिप्तमध्ये सोन्यापेक्षा दुर्मीळ होती, आणि म्हणूनच ही कंकणे राणीच्या ऐश्वर्याची खरी साक्ष देतात. प्रत्येक कंकणावर लाजवर्द (लॅपिस लाझुली), फिरोजा आणि अकीक यांच्या कोंदणातली फुलपाखरे आहेत. पंखांचे तुकडे इतके लहान आहेत की कारागिराने ते कसे घासून बसवले असतील, असा प्रश्न पडावा. यांतली काही कंकणे बॉस्टनला आहेत आणि तिथल्या नमुन्यांचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या कॅरिन सोवाडा यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. चांदीतील शिशाच्या समस्थानिकांवरून (त्यांचे प्रमाण खाणीखाणीनुसार वेगळे असते) ती इजिप्तची नसून बहुधा एजियन समुद्रातल्या सिक्लाडीझ बेटांकडची असावी, असे दिसून आले. म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या बिब्लॉससारख्या बंदरांतून, ग्रीक बेटांवरची चांदी नाईलकाठी पोहोचत होती. धातू वारंवार तापवून आणि ठोकून पातळ केल्याच्या खुणाही त्या अभ्यासात स्पष्ट दिसल्या.

या कामातल्या ज्या माणसांची नावे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत, त्यांच्याबद्दलही लिहायला हवे. रायस्नर यांच्या पथकातले मुकादम आणि कुशल खोदकामगार मुख्यतः वरच्या इजिप्तमधल्या कुफ्त गावचे होते. १८९० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी त्या गावातली माणसे उत्खननात तयार केली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या कुफ्तची माणसे हे काम करत राहिली. रायस्नर यांनी त्यांच्याकडे निव्वळ मजूर म्हणून पाहिले नाही. मुकादमांनी रोजचा वृत्तान्त अरबीत लिहावा अशी पद्धत त्यांनी घालून दिली, आणि त्या अरबी वह्या आता अभ्यासकांना उपलब्ध होऊ लागल्या आहेत. इंग्रजी नोंदींत जे एका ओळीत आटोपते ते अरबी वहीत कुणी, कुठे, कशाने केले यासह सापडते. माझ्या मते या कबरीचा इतिहास पुन्हा लिहायचा झाला तर तो दोन्ही भाषांतल्या वह्या शेजारी ठेवूनच लिहायला हवा.

रायस्नर यांना हे सारे पुस्तकरूपात पाहता आले नाही. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, तरी ते गिझाच्या छावणीतच राहिले, मजकूर तोंडी सांगत राहिले, आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. हेतेफेरेसच्या कबरीचा ग्रंथ विल्यम स्टीव्हनसन स्मिथ यांनी पूर्ण करून १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे तिपाईचा पाय गिलाव्यात रुतला त्यानंतर तीस वर्षांनी.

दोन सिद्धान्तांपैकी कुठला मला पटतो, असे कुणी विचारले तर माझा कल लेनर यांच्याकडे आहे, कारण दहशूरच्या न सापडलेल्या कबरीवर आणि न नोंदलेल्या चोरीवर त्याला विसंबावे लागत नाही. पण त्यातही एक गोष्ट माझ्या मनाला अडते. देह आदरपूर्वक नव्या पिरॅमिडमध्ये नेला असेल, तर त्याच देहाचे अवयव असलेली ती अलाबास्टरची पेटी कोनाड्यात बंद करून मागे का ठेवली? पुढच्या जन्मासाठी देह पूर्ण असावा म्हणून ज्यांनी एवढा खटाटोप केला, ते लोक अर्धी राणी एका ठिकाणी आणि अर्धी दुसऱ्या ठिकाणी ठेवायला कसे तयार झाले असतील? दुसरीकडे, रायस्नर यांच्या चोरांनी वीस चांदीची कंकणे आणि सोन्याचे एवढे पत्रे सोडून केवळ देह का नेला, याचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही. आणि ज्या पिरॅमिडमध्ये राणी गेली असे लेनर मानतात, त्यातही तिचा देह सापडलेला नाही.

रायस्नर यांची छायाचित्रे आणि वह्या आता हार्वर्डने संगणकावर सर्वांना खुल्या करून दिल्या आहेत. मी त्यांतली शवपेटीच्या आजूबाजूच्या भागाची पाने अजून वाचतो आहे. मातीच्या भांड्यांचे हरवलेले तुकडे आणि झाकणाच्या कडेचे घाव यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो, हे मला त्यांत पाहायचे आहे.